काचेतल्या इमारती: वाचकांचे प्रश्न

नागपूर रेल्वे स्टेशनच्या जुन्या दगडी इमारतीचं प्रतिबिंब बसच्या खिडकीत टिपलं. काचेवरची धूळ लख्ख आली, इमारत धूसर. एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा, ३५ मिमी लेन्स, एफ/२.८ (लेन्सचं छिद्र मोठं). चुकलं कुठे? (धरमपेठ)

फोकस काचेवर बसला. प्रतिबिंब काचेवर नसतंच. इमारत काचेपासून जितकी लांब, तितकंच ते काचेच्या मागे असतं. तुम्ही काचेपासून ३ मीटरवर आणि इमारत काचेपासून ४० मीटरवर असेल, तर फोकस ४३ मीटरवर हवा. ऑटोफोकस मात्र धुळीचे ठिपके, चौकट, स्टिकर असं जवळचं काहीतरी पकडून बसतो. फोकसचा एकच बिंदू निवडून तो प्रतिबिंबातल्या छपराच्या कडेवर ठेवा. तरीही घुटमळला तर मॅन्युअलवर या आणि स्क्रीनवरचं चित्र मोठं करून जुळवा.

खिडकीची चौकटही स्पष्ट हवी असेल तर एफ/११ (लहान छिद्र) ठेवून फोकस साडेपाच मीटरवर लावा. साधारण २.८ मीटरपासून पुढचं सगळं चालण्याजोगं स्पष्ट येईल, म्हणून काचेपासून ३ मीटरवर उभे राहा. धूळही मग तितकीच उठून दिसते. ड्रायव्हरला विचारून काच पुसून घ्या. बसचं इंजिन चालू असेल तर थांबा. काच जेवढ्या कोनाने हलते त्याच्या दुपटीने प्रतिबिंब हलतं, त्यामुळे हात स्थिर असूनही फोटो हललेला येतो.

वेळेचं गणित इथे तुमच्या बाजूचं आहे. १९२५ सालच्या या इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे. दुपारनंतर तिच्यावर ऊन येतं आणि तिच्यासमोरची काच पूर्वेकडे तोंड करून आपोआप सावलीत असते. नेमकं हेच हवं. साधी काच समोरून बघितली तर जेमतेम ८ टक्के उजेड परतवते. बाकी जे दिसतं ते काचेआडचं. बसमध्ये दिवे लागले की खेळ संपला. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेतीन ते पाच ही वेळ धरा. मे महिन्यातल्या भर दुपारी जाऊ नका. ऊन जवळपास डोक्यावरून येतं आणि भिंतीला नुसतं चाटून जातं.

काच काळपट असल्याने कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो आणि उन्हातला दगड पांढरा फटक येतो. एक्स्पोजर एक स्टॉप कमी (म्हणजे उजेड निम्मा) करून सुरुवात करा.

पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला तर प्रतिबिंबच पुसलं गेलं. शिवाय कारच्या काचेवर गडद ठिपक्यांची जाळी दिसते. फिल्टर खराब आहे का? (प्रतापनगर)

फिल्टर ठीक आहे. ९० अंश फिरवा, प्रतिबिंब परत येईल. काचेवरच्या लंबरेषेशी सुमारे ५६ अंशांच्या कोनातून बघता तेव्हा फरक सर्वांत जास्त पडतो. अगदी समोरून जवळजवळ शून्य, तिथे फिल्टर फक्त एक-दीड स्टॉप उजेड खातो. ठिपके हे कारच्या बाजूच्या टफन्ड काचेत तापवून-थंडावताना राहिलेले ताण आहेत. पोलरायझर ते उघडे पाडतो. फिल्टर काढून ठेवा.

सिव्हिल लाइन्समध्ये एका नव्या कार्यालयाच्या काचेत हायकोर्टाचा घुमट दुहेरी आणि लाटेसारखा दिसतो. उन्हाळ्यात जास्तच. उपाय? (इतवारी)

दोन तावदानांमध्ये हवा बंद केलेली काच असणार. दोन्ही तावदानं आपापलं प्रतिबिंब देतात. ती अगदी समांतर असती, तर दूरच्या घुमटाच्या दोन्ही छब्या एकमेकींवर बसल्या असत्या. पण आतली हवा तापून फुगते, तावदानं विरुद्ध दिशांना फुगतात आणि घुमट फाटतो. थंडीच्या पहाटे उलटं, ती आत ओढली जातात. ना फार तापलेली, ना गारठलेली अशी वेळ शोधा.

फुगलेल्या तावदानाचा तिरकेपणा सर्वांत कमी मध्यभागी असतो आणि कडांकडे वाढत जातो. म्हणून घुमट एकाच तावदानाच्या मधोमध येईल असे उभे राहा, आणि काचेच्या जवळ जा: जवळून काचेचा छोटा तुकडाच वापरला जातो, मग वाकही थोडाच वाट्याला येतो. स्वतःचं प्रतिबिंब आडवं येऊ नये म्हणून जरा तिरके व्हा, गडद शर्ट घाला. थोडी लाट राहिली तर राहू द्या. आमच्या मते १९४० सालच्या त्या दगडी घुमटाला ती शोभते. कोर्टाच्या आवारात मात्र परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका.

प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं. फोटो आडवा उलटवून सरळ करावा का? (महाल)

नको. इमारत सुलटी होईल, पण काचेच्या चौकटीबाहेर थेट दिसणाऱ्या दुकानांच्या पाट्या उलट्या होतील. इमारतीची नोंद म्हणून ठेवायचा असेल तर कॅप्शनमध्ये ‘प्रतिबिंब’ एवढं लिहा.