सर्क्युलर सॉच्या ब्लेडचा बोल्ट सुटत नाही, आणि नव्या ब्लेडचं भोक मोठं आहे. काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात घरच्या घरी कपाटाचं काम काढलंय, हातात धरायचं 185 मिमीचं सर्क्युलर सॉ आहे, ब्लेडचा बोल्ट तसूभरही हलत नाही, आटे उलटे आहेत का तेही कळत नाही. शिवाय दुकानातून आणलेल्या नव्या ब्लेडचं भोक मोठं निघालं, मध्ये काहीतरी वायसर घालून चालवावं का?

आधी प्लग बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण चावी लावताना हात स्विचवर सहज दाबला जातो. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेवा. नुकतंच कापलं असेल तर ब्लेड तापलेलं असतं, पाच मिनिटं थांबा.

आता बोल्टची बाजू. डावे आटे, उजवे आटे हे पाठ करायच्या भानगडीत पडू नका. गार्डवर, म्हणजे ब्लेडवरच्या झाकणावर, ब्लेड कुठे फिरतं ते दाखवणारा बाण असतो. त्या बाणाच्या दिशेने बोल्ट फिरवला की सैल होतो, उलट फिरवला की आवळतो. कारण सोपं आहे: कापताना लाकूड ब्लेडला अडवून धरतं आणि स्पिंडल, म्हणजे ब्लेड ज्यावर बसतं तो फिरता दांडा, त्याला पुढे रेटत असतो. या ओढाताणीत बोल्ट सुटत जाऊ नये, उलट आवळत जावा, अशाच बाजूचे आटे कंपनी पाडते. मोटर डावीकडे आणि ब्लेड उजवीकडे असलेल्या नेहमीच्या मशीनवर बोल्टाकडे तोंड करून पाहिलं तर बाण घड्याळाच्या उलट दिसेल, म्हणजे आटे साधेच. ब्लेड डावीकडे असेल तर आटे उलटे. टेबल सॉच्या नटालाही हाच नियम लागतो. काम करताना बोल्ट मुळातच आवळत जातो, त्यामुळे चुकीच्या बाजूला जोर लावणारा माणूस तो आणखी पक्का करत बसतो. तुमचंही तसंच झालं असण्याची शक्यता बरीच आहे.

बाजू बरोबर असूनही हलत नसेल तर सगळ्यात आधी बोल्टच्या डोक्यातला सहाकोनी खड्डा बघा. त्यात भुसा आणि राळ ठेचून बसलेली असते, त्यामुळे एलन की (सहाकोनी चावी) अर्धीच आत जाते आणि जोर लावला की कोपरे झिजतात. एकदा कोपरे गोल झाले की मग लेथवाल्याकडेच जावं लागतं. दाभण किंवा बारीक खिळ्याने खड्डा तळापर्यंत कोरून काढा. की तळाला टेकली पाहिजे आणि हलवली तर खुळखुळायला नको. मशीनसोबत आलेलीच वापरा, अंदाजाने जवळपासच्या मापाची नको.

स्पिंडल लॉकचं बटण दाबून ब्लेड हाताने हळूहळू फिरवा, एका जागी खट्ट करून पिन बसेल. पण जाम झालेला बोल्ट नुसत्या या पिनच्या भरवशावर सोडवू नका. ती पिन बारीक असते, हातोडीच्या ठोक्याने मोडते किंवा तिचं घर फुटतं. त्यापेक्षा टाकाऊ लाकडाचा जाड तुकडा बाकावर क्लॅम्पने पक्का करा आणि ब्लेडचे दात त्यात रुतवा. बोल्ट सोडताना ब्लेड कापायच्या दिशेनेच फिरू बघतं, त्यामुळे दात लाकडात आणखी घुसतात आणि ब्लेड जागीच अडकतं. मग कीच्या टोकावर तळहाताने एक झटका द्या. हळूहळू वाढवलेल्या जोरापेक्षा एक तुटक झटका जास्त काम करतो. तरीही नाही, तर गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब बोल्टच्या कडेने सोडा, वीस मिनिटं थांबा आणि पुन्हा करा. नंतर ते तेल पुसून काढायला विसरू नका. ब्लेड धरायला घरातला जुना सोलापुरी टॉवेल चार पदरी करून घ्या, दात त्यातून सहसा बोचत नाहीत. हा टॉवेल फक्त बंद मशीनसाठी. चालू मशीनवर वाकताना गळ्यातला, खांद्यावरचा टॉवेल काढूनच ठेवा. एप्रिल-मेच्या घामात तो तिथे असणारच, आणि त्याचं टोक ब्लेडमध्ये गेलं तर सोडवायला वेळच मिळत नाही.

ब्लेड निघालं की मागे जो जाड वायसर दिसतो, म्हणजे आतला फ्लँज, त्यावर घाई करू नका. बऱ्याच मशीनवर त्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या मापाच्या असतात, एका बाजूला ब्लेडचं भोक ज्यावर बसतं तो 20 मिमीचा उंचवटा तर दुसऱ्या बाजूला 16 चा किंवा असाच काही. कुठली बाजू बाहेर होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग दोन्ही तोंडं रॉकेलच्या बोळ्याने स्वच्छ पुसून कोरडी करा. ब्लेड ज्या कडेवर टेकतं तिथे राळेचा एक कण राहिला, तरी दातांपाशी ते ब्लेड कितीतरी जास्त डोलतं, कारण वायसर लहान आणि ब्लेड मोठं.

आता मोठ्या भोकाचा मुद्दा. मशीनच्या उंचवट्याचं माप 20 मिमी आणि ब्लेडचं भोक 25.4 असेल, तर ब्लेड एका बाजूला 2.7 मिमी सरकून बसू शकतं. मिनिटाला 5500 फेऱ्यांच्या मशीनवर 185 मिमीच्या ब्लेडचे दात सेकंदाला साधारण 53 मीटर वेगाने जातात. त्या वेगात मध्य हुकलेलं ब्लेड म्हणजे बेअरिंगवर सतत हातोडी. साधा वायसर, पत्र्याची पट्टी, इन्सुलेशन टेपचे वेढे यातलं काहीही घालू नका. त्यासाठी रिडक्शन रिंग, म्हणजे भोक लहान करणारी कडी, मिळते, अनेकदा ब्लेडच्या पाकिटातच असते, पाकीट फेकलं असेल तर आधी ते शोधा. रिंग भोकात बोटाने दाबून घट्ट बसली पाहिजे. आणि एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही: रिंगची जाडी ब्लेडच्या पत्र्याहून केसभर कमीच हवी. ती जाड असेल तर बाहेरचा वायसर रिंगेवरच दाबला जातो, ब्लेडवर नाही. बोल्ट आवळल्यासारखा वाटतो, पण लाकडात गेल्यावर ब्लेड घसरतं. अक्कलकोट रोडला एखाद्या लेथवर रिंग करून घेणार असाल तर आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी, तिन्ही व्हर्नियरने मोजून द्या. भोक लहान असेल तर मात्र ते कानशीने किंवा ड्रिलने मोठं करू नका, ब्लेड बदलूनच घ्या.

दुकानात जाताना तीन आकडे कागदावर लिहून न्या: बाहेरचा व्यास, भोक आणि मशीनच्या प्लेटवरची आरपीएम (मिनिटाला फेऱ्या). नुसतं "सात इंची" म्हणालात तर 180 मिमीचंही मिळेल आणि 185 चंही. ब्लेडवर छापलेली कमाल आरपीएम मशीनच्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्तच हवी. दातांचं म्हणाल, तर बाभूळ, कडुनिंब, सागवान यांच्या फळ्या लांबीत चिरायला 24 दात, प्लाय आणि आडव्या कापासाठी 40, सनमायका लावलेल्या बोर्डाला 60. कपाटाचं काम आहे म्हणजे तुम्हाला 40 चं लागेल. 60 चं ब्लेड जाड फळीत लांबीत घातलं तर कडा काळी पडते आणि धूर येतो, मग माणूस ब्लेडला नावं ठेवतो.

बसवताना छापील बाजू बाहेर असं धरून चालू नका. ब्लेडवरचा बाण आणि गार्डवरचा बाण एकाच दिशेला आले पाहिजेत. या मशीनवर पुढचे दात खालून वर येतात, म्हणून पुढच्या बाजूच्या दातांची टोकं वर बघत असली पाहिजेत. उलटं बसलेलं ब्लेड कापत नाही, फक्त जाळतं. (दात खालून वर येतात म्हणूनच सालपटं वरच्या अंगाला उडतात. सनमायकाची चांगली बाजू खाली ठेवून कापा.) बाहेरचा वायसर, बोल्ट, आणि आवळताना बाणाच्या उलट. इथे स्पिंडल लॉक पुरतं. कीच्या स्वतःच्या लांबीवर हाताचा जितका जोर बसतो तितकाच द्या, पाइप घालून लांबी वाढवू नका.

प्लग लावण्याआधी ब्लेड हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. बेसला (मशीनच्या खालच्या सपाट पत्र्याला) पेन्सिल टेकवून तिचं टोक दाताला लागेल न लागेल असं धरा. ब्लेड डोलत असेल तर एका जागी पेन्सिल लागेल आणि समोरच्या जागी फट पडेल. जिथे लागतं तिथे ब्लेडवर खूण करा आणि त्याच रेषेत बोल्टच्या डोक्यावरही खूण करा. आता बोल्ट सैल करून फक्त ब्लेड अर्धा फेरा फिरवा आणि बोल्टची खूण पुन्हा स्पिंडलच्या त्याच बाजूला येईल असा आवळा. डोलणं ब्लेडच्या खुणेबरोबर गेलं तर ब्लेड वाकडं आहे, दुकानात परत द्या. डोलणं बोल्टच्या खुणेपाशीच राहिलं तर वायसर किंवा स्पिंडल बघायला हवा, नवीन ब्लेड आणून उपयोग नाही. दोन मिनिटांचं काम आहे आणि विनाकारण दुसरं ब्लेड घ्यायचा खर्च वाचतो.

खालचा गार्ड मागे ओढून सोडा. तो खटकन परत आला पाहिजे. रेंगाळत असेल तर ब्रशने भुसा काढा, तेल घालू नका, तेलावर भुसा चिकटून तो आणखी जड होतो. गार्ड तारेने बांधून किंवा पाचर मारून वर अडकवलेली मशीनं खूप दिसतात. कृपा करून हे करू नका. बटण सोडल्यावरही ब्लेड काही सेकंद फिरत असतं, आणि त्या सेकंदांत मशीन खाली ठेवलं तर ते स्वतःच्या दातांवर पायाकडे चालत येतं.

आता प्लग लावा, ब्लेडच्या रेषेतून बाजूला उभे राहा आणि अर्धा मिनिट रिकामं चालवा. आवाज एकसारखा हवा, हाताला झिणझिण्या यायला नकोत. पहिला काप टाकाऊ तुकड्यावर घ्या. खोली अशी ठेवा की फळीच्या खाली दात जेमतेम 5 मिमी बाहेर येतील. त्याहून जास्त बाहेर काढलेलं ब्लेड फळीत चिमटलं तर मशीन मागे उसळण्याचा धोका वाढतो.

मार्बल कटरमध्ये 110 मिमीचं लाकडाचं ब्लेड घालून काम भागवायचा विचार मनात असेल तर तो सोडा. त्याची आरपीएम 13000 च्या आसपास असते आणि आपोआप बंद होणारा खालचा गार्ड त्याला नसतो.

जुनं ब्लेड लगेच टाकू नका. रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने राळ काढून बघा, निम्म्या वेळा धार असते, दात फक्त माखलेले असतात. सगळे कार्बाइडचे दात शाबूत असतील तर धार लावून मिळते. एखादा दात उडालेला असेल, पत्र्याला बारीक भेग असेल, किंवा जास्त तापून निळा डाग पडला असेल, तर ते भंगारातच. आणि कपाटासाठी जुन्या वाड्याचं लाकूड वापरणार असाल तर कापायच्या रेषेवरून आधी लोहचुंबक फिरवा. डोकं तुटून आत राहिलेला एक खिळा नव्या ब्लेडचे दोन-चार दात सहज घेऊन जातो.