इंजेक्शनच्या गाडीला फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर लावला तर इसीयू (किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा गाडीतला कॉम्प्युटर) आपोआप जुळवून घेतो का? पॉवर वाढते का?

जुळवून घेतो, पण अर्धंच. हे 'अर्धंच' मला आमच्या दादाला अजून पटवता आलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

त्याचं ठरलेलं वाक्य: "कार्ब्युरेटरचे दिवस गेले. जेट बदलायची भानगड नाही, आता सगळं इसीयू बघतो." त्याच्या भरवशावर मी माझ्या सिंगल सिलिंडर बाइकचा मूळ एक्झॉस्ट बेंड पाइपसकट उतरवला आणि फ्री-फ्लो चढवला. पहिला दिवस मजेत गेला. आवाज वाढला की गाडी जास्त पळतेय असंच वाटतं. दुसऱ्या दिवसापासून ॲक्सिलेटर सोडला की फटाके. पंधरवड्यात ॲव्हरेज लिटरला 42 वरून 34 वर.

दादा म्हणाला, "लीन झालीय. रिमॅप करून पेट्रोल वाढव." लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि रिमॅप म्हणजे इसीयूत साठवलेला पेट्रोलचा तक्ता बदलणं. म्हणजे सगळं बघणारा इसीयू पंधरा दिवसांत आंधळा झाला! मी स्पार्क प्लग काढला. काळाकुट्ट, बोटाला कोरडी काजळी लागली. लीन चालणाऱ्या इंजिनाचा प्लग पांढुरका दिसतो. इथे पेट्रोल आधीच जास्त जात होतं आणि हा म्हणतोय आणखी घाल.

दोष सापडला तो बेंड पाइप इंजिनाच्या हेडला जोडतात तिथे. ॲल्युमिनियमवर, एका स्टडला लागून, पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ. म्हणजे तिथे फट होती. जुनंच पॅकिंग परत बसवलं होतं, एकदा दबून चपटं झालेलं. कोणी बसवलं ते विचारू नका. पाना दादाच्या हातात होता, एवढंच सांगतो.

एक्झॉस्टमधला दाब सतत बाहेरच ढकलत नाही. प्रत्येक धक्क्यामागून क्षणभर दाब पडतो आणि तेवढ्यात फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती पुढे पाइपातल्या ऑक्सिजन सेन्सरवरून जाते. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन ओळखतो. त्याने 'लीन' म्हटलं की इसीयू पेट्रोल वाढवतो. फट तशीच असल्याने सेन्सर पुन्हा 'लीन'च म्हणतो. हे जादा पेट्रोल आणि फटीतली हवा गरम पाइपात भेटली की फटाके. नवं पॅकिंग घातलं, दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळले. आठवड्यात ॲव्हरेज 40 च्या पुढे. रिमॅप न करता.

आता तुमचा प्रश्न. आयडलला आणि एकसारख्या वेगात इसीयू सेन्सरचं ऐकून मिश्रण (वजनाने हवा आणि पेट्रोल) 14.7 ला 1 च्या आसपास धरतो, तिथे तो सांभाळून घेईल. पूर्ण ॲक्सिलेटर पिळलात की साध्या सेन्सरचं ऐकणं बंद. तो सेन्सर फक्त 'लीन' की 'रिच' (पेट्रोल जास्त) एवढंच सांगतो, किती ते नाही. मग इसीयू साठवलेल्या मॅपवरून पेट्रोल देतो आणि तो मॅप मूळ एक्झॉस्टसाठी बनलेला असतो. नव्या पाइपाने खरंच जास्त हवा खेचली तर नेमकी जोरात चालवताना गाडी लीन होते. तिथे रिमॅपला अर्थ आहे. नुसता मागचा डबा बदलणार असाल तर वजन घटेल, आवाज वाढेल, पॉवरचं विसरा. आणि जाड पाइप म्हणजे जास्त पॉवर हा गैरसमज आहे: वायूचा वेग पडतो आणि खालचा पिकअप जातो.

हे सगळं मी बाइकपुरतं बोलतोय. आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर असलेल्या कारमध्ये इसीयू बरंच जास्त सांभाळतो, आणि टर्बोच्या गाडीला टर्बोनंतरचा पाइप मोकळा केल्याचा खरा फायदा होतो. तुमचा ऑक्सिजन सेन्सर एकाच वायरचा असेल तर त्यात हीटर नसतो. नव्या पाइपात त्याची जागा इंजिनापासून लांब गेली तर तो नीट तापणारच नाही. कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढणार असाल तर आधी नियम बघा.

दादाचं म्हणणं अजून तेच आहे: पॅकिंगचा काही संबंध नव्हता, इसीयू 'शिकायला' वेळ घेत होता. ते चपटं पॅकिंग मी खणात जपून ठेवलंय.