थेरींचं आधी ऐका

प्रश्न : बुद्धांनी स्त्रियांना संघात घ्यायला आधी नकार दिला, मग आठ जाचक अटी घातल्या, हे खरं का?

चुल्लवग्गात, म्हणजे संघाच्या नियमांच्या पाली ग्रंथात, तसंच लिहिलंय. बुद्धांना वाढवणारी मावशी महाप्रजापती गौतमी, तिला तीनदा नकार मिळाला. तिनं केस उतरवले, काषाय वस्त्रं नेसली आणि शाक्य स्त्रियांसह थेट वैशाली गाठली. सुजलेले पाय, अंगभर धूळ. ते पाहून बुद्धांचा शिष्य आनंद यानं रदबदली केली आणि आठ गरुधम्मांच्या (कडक नियमांच्या) अटीवर परवानगी मिळाली. पहिलाच गरुधम्म असा, की उपसंपदेला (पूर्ण दीक्षेला) शंभर वर्षं झालेल्या भिक्खुणीनंही आजच्या भिक्खूला वंदन करावं!

मला ही यादी जशीच्या तशी बुद्धकालीन वाटत नाही. एका अटीनुसार स्त्रीनं दोन वर्षं शिक्षण घेऊन भिक्खू आणि भिक्खुणी अशा दोन्ही संघांकडून उपसंपदा घ्यायची. भिक्खुणीसंघ अजून जन्मालाच यायचाय, मग दुसरा संघ आणला कुठून? शिवाय थेरीगाथेत, म्हणजे थेरींच्या (ज्येष्ठ भिक्खुणींच्या) कवितांच्या संग्रहात, भद्दा कुंडलकेसा म्हणते, बुद्ध मला ‘ये भद्दे’ म्हणाले, तीच माझी उपसंपदा.

प्रश्न : अर्हतपदासाठी (पूर्ण मुक्तीसाठी) बाईला पुरुषजन्माची वाट पाहावी लागे का?

अजिबात नाही. बाईही अर्हत होऊ शकते, हे चुल्लवग्गातच बुद्ध आनंदाजवळ कबूल करतात. सोमा थेरीला मोहात पाडणारा मार डिवचतो, की ऋषींनाही अवघड ते पद दोन बोटांच्या अकलेच्या बाईला कुठून मिळणार? दोन बोटं म्हणजे भाताचं शीत दाबून बघणारी. सोमा त्याला गप्प करते : चित्त स्थिर असलं, तर बाईपणाचा संबंधच काय?

धम्मदिन्ना या भिक्खुणीनं पूर्वाश्रमीच्या नवऱ्याच्या शंका फेडल्या. मीही हेच सांगितलं असतं, असं बुद्ध म्हणाले. पाणी भरणारी दासी पुण्णिका तर माझी विशेष लाडकी. थंडीत कुडकुडत पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, मग बेडूक-कासवंही स्वर्गात जाणार का?

प्रश्न : संसार न सोडणाऱ्यांचं काय?

बुद्धांची उपासिका विशाखा पाहा. मुलाबाळांत राहून सोतापन्न (मुक्तीच्या पहिल्या पायरीवर पोचलेली) झालेली, सावत्थी (श्रावस्ती) नगरीचा पूर्वाराम विहार बांधणारी. अचिरवती नदीत विवस्त्र न्हाणाऱ्या भिक्खुणींची शेजारच्या गणिका टर उडवत, म्हणून भिक्खुणींना अंघोळीची वस्त्रं देण्याची परवानगी तिनंच मागून घेतली.

प्रश्न : महाराष्ट्रात भिक्खुणी होत्या का?

होत्या. कान्हेरी आणि रायगडमधल्या कुडे लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्या भिक्खुणींची नावं आहेत. कुड्याला तर एकीनं आपल्या शिष्यांचीही नावं कोरून घेतली आहेत.