सात वर्षांची सूट कशासाठी?

प्रश्न : मी ४६ वर्षांची सीए, चिंचवडला राहते. चाकणच्या एका कंपनीत फायनान्स कंट्रोलर होते. मार्च २०१९ मध्ये सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि मी नोकरी सोडली. गेल्या वर्षी त्या गेल्या. घरी वयस्कर सासरे आहेत, मुलगी बारावीत आहे. आता जुन्या साहेबांनी त्यांच्या नव्या कंपनीत फायनान्स हेड म्हणून बोलावलंय. सोमवारी एचआरचा फोन येईल. वाटतं, २०१९ च्या पगारापेक्षाही कमी मागावं, हवं तर मॅनेजरचं पद घ्यावं. मीटिंगमध्ये तिशीतल्या पोरांसमोर आपलं अज्ञान उघडं पडेल, ही धास्ती आहे. मिस्टर म्हणतात, ‘आता कशाला एवढा व्याप? पार्टटाइम बघ.’ काय करू?

उत्तर : प्रिय मैत्रीण,

मॅनेजरचं पद घेऊ नका आणि पगारही कमी मागू नका. साहेबांनी बोलावलंय ते दया म्हणून नव्हे. तुम्ही प्लँटचं कॉस्टिंग कसं सांभाळलंत, बँकेशी आणि ऑडिटरशी कशा बोललात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

तुमची धास्ती मात्र निम्मी खरी आहे. तुम्ही बाहेर पडलात आणि १ एप्रिल २०१९ पासून भाडेकरारांच्या हिशेबाचं इंड एएस ११६ हे लेखामानक लागू झालं. मग ई-इन्व्हॉइस आलं, २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, सक्तीचा झाला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती केली नाहीत, तर वर्ष उलटल्यावर त्या खर्चाची आयकरातली वजावट अडकते. ती प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. चाकणच्या कंपन्यांचा छोट्या जॉबवर्कवाल्यांशी रोजचा संबंध, म्हणून हे आधी शिका. ओळखीच्या एखाद्या सीए फर्ममध्ये महिनाभर बसा. सीएंच्या इन्स्टिट्यूटची फी थकली असेल तर भरून टाका, सीपीईचे, म्हणजे सक्तीच्या उजळणी-प्रशिक्षणाचे, तासही पाहून घ्या.

उरलेली निम्मी धास्ती सोडून द्या. जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ ला बदलले. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या, आणि वेतनाची व्याख्याच बदलल्यामुळे ग्रॅच्युइटीची तरतूद जुन्या-नव्या सगळ्यांनाच पुन्हा मोजावी लागतेय. १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवा आलाय. कलमांचे क्रमांक बदलले, ‘असेसमेंट इयर’ गेलं. ती तिशीतली पोरंही हे सगळं आत्ताच शिकताहेत.

एचआर शेवटचा पगार विचारेल. खरा आकडा सांगा, पण लगेच विचारा, ‘या पदासाठी तुम्ही किती ठरवलंय?’ बोलणी तिथून सुरू होऊ द्या. पुढची प्रत्येक वाढ टक्क्यांत मिळते, त्यामुळे आज सोडलेले पाच लाख निवृत्तीपर्यंत तुम्हाला कमी पडत राहतील. कंपनीला शंका असेल, तर सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार करू असं ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. पदावर मात्र तडजोड नको. मॅनेजर म्हणून गेलात, तर दिसलेली चूक दुरुस्त करायलाही वरच्याचा होकार लागेल, आणि तुमच्यासारखीला ते सोसणार नाही.

बायोडेटात एकच ओळ पुरे : ‘२०१९ ते २०२५, घरातील आजारपणासाठी नोकरी सोडली.’ त्यातून टीम मॅनेजमेंट शिकले वगैरे लिहू नका. रात्री दोन वाजता उठून सासूबाईंची कूस बदलणं, ब्यूरोची बाई आली नाही की एकटीने अंथरूण पालटणं, याला ऑफिसातलं नाव देऊन मोठं करावं लागत नाही. ते काम होतंच मोठं.

मिस्टरांना काळजी वाटत असेल, हे मी धरून चालते. पण त्यांच्याकडे परवानगी मागायला बसू नका, कामं वाटून घ्यायला बसा. महिन्याच्या सुरुवातीचे सात-आठ दिवस क्लोजिंगचे, म्हणजे मागच्या महिन्याचे हिशेब बंद करण्याचे, तुम्हाला घरी यायला रात्रीचे नऊ होणार. तेव्हा कुकर कोण लावेल? मामंजींना डॉक्टरकडे कोण नेईल, मुलीला क्लासहून कोण आणेल? रुजू होण्याआधीच ठरवा. ‘बघू नंतर’ म्हटलेली कामं बाईच्याच गळ्यात पडतात, हे मी किती घरांत पाहिलंय. पार्टटाइमचा विषय पुन्हा निघाला, तर शांतपणे विचारा, की सासूबाईंचं सगळं मी रात्रंदिवस केलं, तेव्हा तो व्याप कसा नाही वाटला?

हे बोलणं रविवारीच उरकून घ्या, सोमवारच्या फोनच्या आधी.