जुनी मिटलेली केस नोकरीच्या फॉर्मवर लिहावी का?

तुम्ही विचारलंय की गावच्या भांडणात नाव आलं, कोर्टात तडजोड झाली, आता कंपनीच्या फॉर्मवर ‘कधी पोलीस केस झाली आहे का?’ असा रकाना आहे, तर काय लिहायचं. ‘होय’ लिहा आणि शेजारी निकालाची तारीख टाका. दडवू नका.

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, भरती मीच बघतो. तासगाव तालुक्यातला एक पोरगा सीएनसीसाठी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या कामाला, आला होता. त्या रकान्यात त्यानं सरळ ३२३, ५०४, ५०६ लिहिलेलं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतली मारहाण, शिवीगाळ आणि धमकीची कलमं. बांधाची भांडणं. आपल्याकडं बांध कोरला की भावकी पोलीस ठाण्यात जाते आणि म्हाताऱ्यापासून शाळकरी पोरापर्यंत अख्खं घर फिर्यादीत घालते. हा तेव्हा आयटीआयला होता. मार्कलिस्टच्या खालून त्यानं तडजोडीचा कोर्टाचा कागद काढला, घड्यांवर सेलोटेप लावलेला, आणि माझ्यापुढं सपाट करून ठेवला.

भागीदार म्हणाले, “केस ती केस. उद्या इथं कुणाला मारलं तर?” मी पोराच्या हातात बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर आणि एक जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, दिला. माप बरोबर सांगितलं, घेतला. आज रात्रपाळीचं सेटिंग तोच बघतो. भागीदार अजून म्हणतात, नशीब तुमचं. नशिबाचा काय संबंध? या कलमांत कोर्टापुढं रीतसर तडजोड झाली की कायदा ती निर्दोष मुक्तताच धरतो. कोर्टानं मिटवलेलं आपण कोण उकरणार? केस व्हायला समोरच्याची तक्रार पुरते. विचारायचंच तर शिक्षा झाली का एवढं विचारा. आमच्या फॉर्मवरचा रकाना मी तसा बदलून घेतला, भागीदारांची कुरकुर चालू असतानाच.

स्टोअरला माणूस घेताना मालकानं चोरीची केस विचारली तर मात्र माझी हरकत नाही.

सरकारी नोकरी असेल तर जास्त जपा. अवतार सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१६ ला सांगितलंय की किरकोळ प्रकरण लपवलं असेल तर ते माफ करायचं की नाही हे नेमणारा ठरवू शकतो, आणि खरं लिहिलं तरी पूर्वचारित्र्य बघायला तो मोकळा आहे. भांडणाच्या वेळी तुम्ही अठराच्या आत असाल तर बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम २४ (अल्पवयातल्या गुन्ह्यामुळं अपात्रता लागू नये याबद्दलचं) वकिलाला दाखवा. आणि निकालाची सही-शिक्क्याची नक्कल आत्ताच काढून ठेवा, ऐनवेळी कोर्टात अर्ज करून ती लगेच हातात पडत नाही.