वाचकांचे प्रश्न : परदेशी मालिका आणि आपला डीव्हीडी प्लेयर

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या वाचकांकडून या वेळी एकाच विषयावरची बरीच पत्रे आली आहेत. कोणी बोटीवरच्या नोकरीत, कोणी आखाती देशांत राहून, तर कोणी अमेरिकेतल्या मुलांकडून जुन्या परदेशी मालिकांच्या डीव्हीडी जमवल्या आहेत. परंतु त्या घरच्या प्लेयरवर लागत नाहीत, किंवा लागल्या तरी चित्र मनासारखे दिसत नाही. त्यांतली निवडक पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझे यजमान व्यापारी जहाजावर नोकरीला होते. साउदम्प्टन, सिंगापूर, ह्यूस्टन अशा बंदरांतून त्यांनी इंग्रजी मालिकांचे संच हौसेने आणले. त्यांतल्या काही डिस्क आमच्या प्लेयरवर लागतात, तर काहींना ‘रीजन चुकीचा आहे’ असा संदेश येतो. दुकानदार म्हणतात की डिस्क खराब आहेत. सूनबाई अमेरिकेहून येताना तिकडचा प्लेयर आणायला तयार आहे. आणावा का? — एक वाचक, दापोली

उत्तर : आपली एकही डिस्क टाकून देऊ नका. डिस्क खराब असती, तर प्लेयरला तिच्यावरचा रीजन वाचताच आला नसता. असा संदेश येतो याचा अर्थ प्लेयरने डिस्क वाचली आहे आणि ती दाखवायचे नाकारले आहे.

डीव्हीडी १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये प्रथम विक्रीला आली. त्या काळी एकच चित्रपट वेगवेगळ्या देशांत काही महिन्यांच्या अंतराने प्रदर्शित होत असे. अमेरिकेत निघालेली डिस्क इतर देशांतल्या चित्रपटगृहांच्या आधी तिथल्या घरांत पोहोचू नये, म्हणून चित्रपट कंपन्यांच्या आग्रहावरून जगाचे सहा रीजन पाडण्यात आले. अमेरिका आणि कॅनडा हा रीजन १. युरोप, जपान, आखाती देश आणि दक्षिण आफ्रिका हा २. आग्नेय आशिया, दक्षिण कोरिया, तैवान आणि हाँगकाँग हा ३. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि लॅटिन अमेरिका हा ४. भारत, रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग हा ५. आणि चीन हा ६. म्हणजे आपल्या यजमानांनी साउदम्प्टनला घेतलेली डिस्क बहुधा २ ची असेल, सिंगापूरची ३ ची आणि ह्यूस्टनची १ ची, आणि घरचा प्लेयर ५ चा असेल. ज्या डिस्क बिनतक्रार लागतात, त्यांवर रीजनचे कुलूप घातलेलेच नसणार. वेष्टनाच्या मागच्या बाजूला पृथ्वीच्या गोलाचे छोटे चिन्ह आणि त्यात आकडा छापलेला असतो, तो पाहून खात्री करून घ्यावी.

नव्या चित्रपटांसाठी केलेला हा बंदोबस्त जुन्या दूरचित्रवाणी मालिकांनाही लावला गेला, हे मला कधीच पटलेले नाही. बीबीसीने १९६७ साली दाखवलेल्या ‘द फोर्साइट सागा’च्या २६ भागांना कोणत्या चित्रपटगृहाची वाट पाहायची होती? वितरणाचे हक्क देशवार विकले जातात, हे त्यामागचे कारण समजू शकते. पण ज्या मालिकेची आपल्या देशात कधी आवृत्तीच निघाली नाही, तिच्या बाबतीत या कुलपाने कोणाचाही व्यवसाय राखला जात नाही, केवळ प्रेक्षक बाहेर राहतो.

उपाय मात्र सोपा आहे. आपल्याकडे विकले गेलेले अनेक साधे प्लेयर एकतर मुळातच सर्व रीजनच्या डिस्क लावतात, किंवा रिमोटवरून तसे करून घेता येतात. प्लेयरच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा आणि त्या मॉडेलची पद्धत इंटरनेटवर शोधावी. बहुतेकांत ट्रे उघडा ठेवून रिमोटवर ठरावीक आकडे दाबले की एरवी न दिसणारी एक यादी पडद्यावर येते आणि तीत रीजनच्या जागी ० ठेवता येतो. रीजन १ च्या काही डिस्क मात्र ० वर ठेवलेला प्लेयर ओळखून अडून बसतात. त्यांच्यापुरते ० ऐवजी नेमके १ ठेवावे. एका मॉडेलचे आकडे दुसऱ्याला चालत नाहीत, त्यामुळे ऐकीव आकडे दाबत बसू नये. हे बेकायदा तर नाही ना, अशी शंकाही आपण पत्रात विचारली आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जे ६५-अ हे कलम आले, ते हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडणाऱ्यासाठी आहे. पैसे देऊन घेतलेली डिस्क घरी बसून पाहणे हा तो हेतू नव्हे, असे मी त्या कलमाच्या शब्दांवरून समजतो.

अमेरिकेतला प्लेयर आणण्याचा विचार सोडून द्यावा, असे मी सुचवेन. तो रीजन १ चाच असेल, म्हणजे साउदम्प्टनच्या डिस्क पुन्हा बाहेरच राहतील. शिवाय तिकडची वीज १२० व्होल्टची आहे. यंत्रावर ‘१००–२४०’ असे छापलेले असेल तरच ते आपल्या २३० व्होल्टवर लावता येते. केवळ ‘१२०’ असेल, तर ते प्लगमध्ये घातल्याबरोबर जळण्याचीच शक्यता अधिक.

प्रश्न : माझे थोरले बंधू कुवेतला होते. त्यांच्या जुन्या डिस्क माझ्याकडे व्यवस्थित लागतात. अलीकडे भाच्याने अमेरिकेहून एक ब्रिटिश मालिका पाठवली. प्लेयर सर्व रीजनचा असूनही माडीवरच्या जुन्या टीव्हीवर तिचे चित्र काळे-पांढरे येते आणि वर-खाली सरकते. तीच मालिका इंग्लंडहूनही मिळते. नवी घेताना कोणती घ्यावी? — एक वाचक, राजापूर

उत्तर : येथे अडचण रीजनची नसून चित्राच्या पद्धतीची आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. रीजन म्हणजे विक्रीसाठी घातलेले बंधन. ते काढता येते. पद्धत मात्र चित्र डिस्कवर साठवतानाच ठरलेली असते. भारत, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि आखाती देशांत पॅल पद्धत रूढ होती. तीत चित्राच्या ५७६ दृश्य ओळी असतात आणि सेकंदाला २५ चित्रे. अमेरिका आणि जपान यांची पद्धत एनटीएससी; तीत ४८० ओळी आणि सेकंदाला जवळजवळ ३० चित्रे. कुवेतच्या डिस्क रीजन २ च्या, पण पॅलच्या असल्यामुळे आपल्या टीव्हीला त्यांची अडचण आली नाही. माडीवरचा टीव्ही केवळ पॅल जाणणारा दिसतो. प्लेयरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’ असेल तो बदलून ‘पॅल’ करावा, म्हणजे बहुतेक प्लेयर स्वतःच चित्र बदलून देतात. खाली नवा एलईडी टीव्ही असेल आणि प्लेयरला एचडीएमआयची सोय असेल, तर ती वायर जोडून पाहावे. तेथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

आता कोणती आवृत्ती घ्यावी, हा आपल्या पत्रातला खरा मोलाचा प्रश्न आहे. माझे मत ठाम आहे : मालिका ज्या देशात तयार झाली, त्या देशाच्या पद्धतीतली डिस्क घ्यावी. बीबीसीची १९७६ ची ‘आय, क्लॉडियस’ पाहा. ती स्टुडिओत, व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झाली. ब्रिटिश व्हिडिओत चित्राच्या निम्म्या-निम्म्या ओळी आलटून-पालटून सेकंदाला ५० वेळा नोंदल्या जात. अमेरिकी आवृत्तीसाठी त्या ५० च्या ६० कराव्या लागतात आणि ५७६ ओळींच्या ४८० कराव्या लागतात. स्थिर चेहऱ्यावर हा फरक फारसा जाणवत नाही; पण पात्र वळले, हात उचलला, कॅमेरा सभागृहावरून फिरला, की कडा पुसट होतात आणि एका हाताच्या मागे दुसऱ्या हाताची सावली रेंगाळते. ज्या मालिकेचा सारा जोर नटांच्या चेहऱ्यावर आणि हालचालींवर आहे, तिच्यात हे नुकसान मोठे आहे. ग्रॅनडा टेलिव्हिजनची १९८४ ची १४ भागांची ‘द ज्वेल इन द क्राउन’ १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली. ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी फिल्मसुद्धा सहसा सेकंदाला २५ चित्रांच्या गतीनेच चालवत, त्यामुळे पॅल डिस्कवर ती मूळच्याच गतीने दिसते.

अमेरिकी मालिकांच्या बाबतीत नेमके उलटे घडते. तेथे फिल्म सेकंदाला २४ चित्रांनी चालते, आणि पॅल डिस्क करताना ती २५ ने पळवली जाते. ५० मिनिटांचा भाग ४८ मिनिटांत संपतो आणि दुरुस्ती केलेली नसेल तर नटांचा आवाजही किंचित चढा लागतो. ज्यांना एखाद्या नटाचा आवाज कानांत बसलेला आहे, त्यांना ते लगेच खटकते. तेव्हा अमेरिकी मालिका अमेरिकेचीच घ्यावी.

जपानचे प्रकरण थोडे वेगळे आहे. एनएचकेची १९८३-८४ ची ‘ओशिन’, सुमारे पंधरा-पंधरा मिनिटांचे २९७ भाग, ही तिकडून मागवली, तर रीजन ब्रिटनचाच म्हणजे २ निघेल, पण पद्धत अमेरिकेची. म्हणून वेष्टनावरचा केवळ रीजनचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये. मागवण्यापूर्वी इंग्रजी सबटायटल आहेत का, हेही विचारून घ्यावे. जपानी बाजारासाठी काढलेल्या डिस्कवर ते असतीलच असे नाही.

भाच्याने पाठवलेली प्रत मात्र परत करू नये. ब्रिटिश आवृत्ती मिळेपर्यंत तीच पाहावी.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. अलीकडे कमी ऐकू येत असल्यामुळे अक्षरांवाचून इंग्रजी संवाद कळत नाहीत. अमेरिकी डिस्कच्या वेष्टनावर अक्षरांची सोय असल्याचे छापलेले आहे, पण रिमोटचे सबटायटलचे बटण दाबले की काहीच येत नाही. — एक वाचक, मालवण

उत्तर : बाई, आपल्या रिमोटचा यात काही दोष नाही. डिस्कवर अक्षरे दोन प्रकारे असू शकतात. नेहमीचे सबटायटल वेगळ्या मार्गिकेवर चित्ररूपात असतात. एका डिस्कवर अशा ३२ मार्गिका मावतात आणि रिमोटचे बटण त्यांच्यासाठीच असते. अमेरिकेत दुसरा एक प्रकार रूढ होता, क्लोज्ड कॅप्शन. त्याची माहिती चित्राबरोबर लपवून पाठवली जाते आणि ती उलगडून पडद्यावर दाखवण्याचे काम प्लेयरचे नसून टीव्हीचे असते. अमेरिकेतल्या टीव्हीत ती सोय सक्तीची होती, आपल्या टीव्हीत सहसा नसते. आणि एचडीएमआयच्या वायरीतून तर ही लपलेली माहिती पुढे जातच नाही. वेष्टनावर ‘सीसी’ ही दोन अक्षरे एका चौकटीत छापलेली असतील आणि सबटायटलच्या रकान्यात इंग्रजीचा उल्लेख नसेल, तर आपली डिस्क याच प्रकारची आहे.

यावर संगणकाचा उपाय आहे. डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या संगणकावर व्हीएलसी हा मोफत प्रोग्राम घालून घ्यावा. त्यात डिस्क लावल्यावर सबटायटलच्या यादीत ‘क्लोज्ड कॅप्शन १’ असा पर्याय येतो, तो निवडला की अक्षरे दिसू लागतात. तेच चित्र संगणकातून वायरीने टीव्हीवर घेता येईल. पुढची खरेदी करताना मात्र कमी ऐकू येणाऱ्यांसाठी इंग्रजी सबटायटल असल्याची नोंद ज्या आवृत्तीवर आहे, तीच निवडावी. तशा सबटायटलमध्ये संवादांबरोबर दार वाजल्याची, पडद्याआड कोणी हाक मारल्याची नोंदही असते.

प्रश्न : जुन्या मालिकांतली माणसे आमच्या नव्या टीव्हीवर बुटकी आणि रुंद दिसतात. — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : जुन्या मालिकांचे चित्र चारास तीन या प्रमाणातले असते आणि नवा टीव्ही सोळास नऊचा. टीव्ही ते चित्र दोन्ही बाजूंना ताणून पडदा भरतो. रिमोटवरून चित्राचा आकार ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ करावा. डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्याव्यात. ‘झूम’ हा पर्याय वापरू नये, कारण तो चित्राचा वरचा आणि खालचा भाग कापतो आणि दिग्दर्शकाने विचारपूर्वक बसवलेल्या चौकटीत नटाचे कपाळ उरत नाही.

प्रश्न : लॅपटॉपवर डिस्क लावली की रीजन बदलण्याविषयी विचारणा होते. ‘हो’ म्हणावे का? ब्ल्यू-रे घेतली तर ही कटकट टळेल का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : लगेच ‘हो’ म्हणू नये. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन साधारणपणे पाच वेळाच बदलता येतो आणि त्यानंतर जो असेल तो कायमचा राहतो. व्हीएलसीमध्ये बऱ्याचदा रीजन न बदलताही डिस्क लागते, म्हणून आधी तो प्रयोग करावा. ब्ल्यू-रेलाही रीजन आहेत : अमेरिका आणि जपान ए, ब्रिटनसह युरोप बी, भारत सी, आणि ब्ल्यू-रे प्लेयरचे हे कुलूप रिमोटवरून सहसा उघडत नाही. ४के अल्ट्रा एचडी डिस्कना रीजन नसतो, पण जुन्या मालिका त्या स्वरूपात क्वचितच निघतात.

प्रश्न : पावसाळ्यात डिस्कवर पांढरट बुरशी धरते. पुसावी कशी? — एक वाचक, देवगड

उत्तर : प्रथम कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून डिस्क त्यात हलकेच धुवावी, साध्या पाण्याने खळबळून घ्यावी आणि जुन्या धुवट सुती कापडाने टिपावी. पुसताना हात मध्यापासून कडेकडे सरळ न्यावा, गोल फिरवू नये. गोल ओरखडा माहितीच्या रेषेबरोबर लांबपर्यंत जातो आणि प्लेयरला ती चूक भरून काढता येत नाही. आडवा ओरखडा बहुधा सुधारून घेता येतो. घासण्याची पावडर, रॉकेल किंवा स्पिरिट वापरू नये. डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली असते, त्यामुळे ती डबीतून काढताना वाकवू नये. मधली खुंटी दाबून मगच उचलावी.

डिस्क पूर्ण वाळल्याशिवाय डबीत घालू नये. वेष्टनातला छापील कागद ओल धरतो आणि बुरशी बहुधा तिथूनच सुरू होते, म्हणून तोही बाहेर काढून वाळवावा, मात्र उन्हात नव्हे. डब्या समुद्राकडच्या भिंतीला लागून ठेवण्याऐवजी आतल्या खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह उभ्या ठेवाव्यात आणि पावसाळाभर पुड्या अधूनमधून बदलाव्यात. प्लेयरही महिनोन्‌महिने बंद ठेवू नये. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा एखादा भाग लावला, तर यंत्र आतून कोरडे राहायला मदत होते.