घर गहाण टाकून कन्स्ट्रक्शनचा धंदा सुरू करू का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. अकरा वर्षं साइट इंजिनियर म्हणून काढलीत, आता स्वतःची फर्म काढायची आहे, पहिलं काम जवळपास ठरलंय, आणि प्रश्न एवढाच की घरावर कर्ज काढून मिक्सर, लिफ्ट आणि शटरिंग प्लेट्स (काँक्रीटच्या साच्याचे पत्रे) विकत घ्यायच्या का. धंदा जरूर करा, अनुभव आहे, माणसं ओळखीची आहेत. पण घर गहाण टाकू नका, आणि मशीन तर आत्ता मुळीच घेऊ नका.

कारण सांगतो. तुमच्याच कामाचं गणित बघा, पूर्ण काम १०० धरू. पाच महिन्यांचं काम, दर महिन्याला २० चं बिल, खर्च १८, म्हणजे शेवटी नफा १०, कागदावर छानच आहे. पण रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामापुरतं बिल, महिनाअखेरीला जाणार, मापं तपासून पैसे यायला तुम्हीच लिहिलेले ४५ दिवस, आणि त्यातून १० टक्के रिटेन्शन, म्हणजे मालक हमी म्हणून राखून ठेवतो ती रक्कम, कापून हातात येणार १८. म्हणजे पहिला पैसा येईपर्यंत अडीच महिने गेले आणि तोवर तुमच्या खिशातून ४५ गेलेले असतात, आणि ते काम संपेपर्यंत तसेच अडकून राहतात, कारण एक बिल येतं तोवर पुढचा महिना खर्च खात असतो. सगळी बिलं आली की हातात ९० येतात, खर्चही ९०च. नफ्याचे १० म्हणजे नेमकं ते रिटेन्शन! त्यातले निम्मे पैसे मिळणार काम पूर्ण झाल्यावर, उरलेले तुमच्या करारातली डिफेक्ट लायबिलिटीची (कामातले दोष दुरुस्त करून द्यायची) मुदत, म्हणजे १२ महिने, संपल्यावर.

आता याच मापात तुमची बचत २५, घरावरच्या कर्जाचे ३०, एकूण ५५. त्यातले ३५ मशीनला घातले तर कामाला राहतात २०, आणि लागणार ४५. सिमेंट-सळईवाल्याने महिनाभर उधारी दिली तर थोडं हलकं होईल, पण मजुरी थांबत नाही, ती आठवड्याला द्यावीच लागते, आणि मजुरी चुकली की साचे उभारणारी सेंट्रिंगची टोळी दुसऱ्या साइटवर गेलीच समजा. कागदावर नफ्यात असलेले ठेकेदार असेच बुडतात. हे फक्त छोट्यांचं नाही, ब्रिटनची मोठी बांधकाम कंपनी कॅरिलियन १५ जानेवारी २०१८ ला बंद पडली तेव्हा देणी जवळपास ७०० कोटी पौंड होती आणि हातातली रोकड २ कोटी ९० लाख पौंड.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर याच्या एक तृतीयांश आकाराचं काम घेतलं असतं. त्याला याच हिशोबाने १५ लागतात, २५ मधले १० घरखर्चाला वेगळ्या खात्यात राहतात, त्याला हात लावायचा नाही. प्लेट्स आणि मिक्सर भाड्याने घ्या, भाडं जास्त वाटेल पण काम नसेल त्या महिन्यात ते शून्य असतं, हप्ता नसतो. आणि मालकाशी दर कमी करण्यापेक्षा बिल दर १५ दिवसांनी करण्यावर भांडा, त्याने अडकणारी रक्कम बरीच खाली येते. मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स, म्हणजे काम सुरू करायला आगाऊ रक्कम, मिळाला तर उत्तम, फक्त त्यासाठी मालक बँक गॅरंटी (तुमच्या वतीने बँकेची हमी) मागतात आणि ती देताना बँक तुमचेच काही पैसे डिपॉझिटमध्ये अडकवते, ते मोजायला विसरू नका.

तुमचा मित्र म्हणतोय निम्मं काम बिलाशिवाय रोखीत करू, मजूर नोंदवायचे नाहीत, टॅक्स वाचेल. हे ऐकू नका, कळकळीने सांगतोय. बिल नसलेल्या कामाची थकबाकी मागणार कशाच्या जोरावर? दोन वर्षांनी ओव्हरड्राफ्ट मागायला गेलात तर बँक उलाढाल खात्यात बघते, तोंडी सांगितलेली नाही. आणि परांचीवरून माणूस पडला, विमा नाही, नोंद नाही, तर त्याच्या घरच्यांचं काय होणार हा पहिला प्रश्न, आणि एकट्याच्या नावावर फर्म असेल तर भरपाई तुमच्या घरापर्यंत येते हा दुसरा. लिमिटेड कंपनी केलीत तरी कर्जाला वैयक्तिक हमी दिलीत की ते संरक्षण त्या कर्जापुरतं गेलं. तेव्हा रजिस्ट्रेशन, लायसन्स, कामगारांचा आणि साइटचा विमा हा खर्च दरात धरूनच कोटेशन द्या, त्याने काम हातचं गेलं तर जाऊ दे.

अजून एक, माझ्याकडे एक ठेकेदार आले होते, सिमेंटच्या गोणीचा कागद फाडून त्यावर पेन्सिलने लिहिलेली मापं घेऊन. मालक रोज साइटवर येऊन सांगायचा, ही भिंत दोन फूट सरकवा, इथे लॉफ्ट काढा, आणि हे ठेकेदार करत गेले, सही कुठेच नाही. फायनल बिलात एक्स्ट्रा आयटमचा एक पैसा मिळाला नाही, कामाचा सगळा नफा तिथेच गेला. तुम्ही इंजिनियर आहात, मेजरमेंट बुक, म्हणजे मापं नोंदवायची वही, तुम्हाला नवीन नाही, पण मालक चांगला बोलतोय म्हणून सही मागायला लाज वाटते ना, ती वाटू देऊ नका, त्याच संध्याकाळी मेसेज टाकून होकार घ्या तरी.

कराराचा मसुदा अजून सही झालेला नसेल तर सही करण्याआधी पेमेंट आणि रिटेन्शनचं कलम मला पाठवा, आणि सळईचा भाव वाढला तर दरवाढ मिळणार का हे त्यात कुठे लिहिलंय तेही बघून ठेवा.